रेडिओबाई गप्प बसतात

चौथीच्या बाईंना शिक्षकांच्या खोलीत सगळे ‘रेडिओ’ म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायचं तर बाईंनी मध्ये श्वास घ्यायला थांबायला हवं, आणि तो योग फारसा येत नसे. बाई मनाने सोन्यासारख्या होत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कुणाचा भलताच ग्रह व्हायचा. वर्गात कुणाची चप्पल तुटली, कुणाच्या डब्यात आज काहीच नाही, कुणाच्या घरी कालपासून भांडण धुमसतंय, सगळं त्यांना ठाऊक असे. फक्त समोरचा माणूस बोलताना जरा अडखळला की त्यांचा जीव कासावीस होई. बिचाऱ्याला शब्द सापडत नाही असं वाटून त्या मदतीला धावत. वाक्य कुणीही सुरू करो, पूर्णविराम बाईंचाच.

शुक्रवारचा शेवटचा तास हा गोष्टीचा तास. तो बाईंनी भांडून मिळवला होता. त्याला ना गुण, ना परीक्षा, ना पुस्तक. मुलाने पुढे यायचं आणि स्वतः रचलेली गोष्ट सांगायची, एवढंच. निदान वेळापत्रकात तरी तसं होतं. प्रत्यक्षात मुलगा पुढे येऊन म्हणे, “एक होता उंट.” आणि जरा थुंकी गिळे. तेवढ्यात बाई म्हणत, “त्याला मान नव्हती! मग पुढे काय झालं?” पोराने तोंड उघडायच्या आत उंट बाजारात मान शोधायला निघालेलाही असे. जिराफाशी त्याची बाचाबाची होई, बगळा मध्यस्थी करी, बाई तिघांचेही आवाज काढत, आणि गोष्टीचा मालक फळ्यापाशी फोटोला उभं राहिल्यासारखा ताठ उभा असे. शेवटी टाळ्या पडत. मालक मान लववून जागेवर जाई.

मुलं काही दूधखुळी नव्हती. गोष्टीच्या तासाला एका वाक्याची तयारी पुरते, हे त्यांनी कधीच ओळखलं होतं. घरोघरी आयांनाही ते माहीत होतं. डबा भरता भरता आई विचारी, “गोष्ट झाली का रे तयार?” पोरगं म्हणे, “हो. एक होतं वांगं.” आई म्हणे, “शाबास.”

बाईंच्या हाताखालून अशा किती पिढ्या गेल्या होत्या. तेव्हा गावात कुठेही जा, लोक वाक्य सुरू करत आणि आशेने तुमच्याकडे बघत. बसचा कंडक्टर म्हणे, “पुढचा थांबा…” आणि थांबे. शाळेतले गणिताचे सरसुद्धा बाईंचेच जुने विद्यार्थी. फळ्यावर उदाहरण सोडवत आणून ते म्हणत, “म्हणून उत्तर आलं…” आणि वर्गाकडे असं बघत, की कुणीतरी हुशार पोर दया येऊन ते सांगून टाकी.

बाईंच्या घरी तर आणखी मौज. त्यांच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारी, “आता बरं दिसतं, की आधी बरं होतं?” आणि हात मागे बांधून थांबून राही. रात्री जेवताना ते रोज काहीतरी सांगायला घेत. “आज दुकानात एक माणूस आला…” म्हणून घास उचलेपर्यंत बाईंनी तो माणूस ताब्यात घेतलेला असे. “आणि चष्मा हरवला म्हणून ओरडत होता, आणि चष्मा डोक्यावरच! हो ना?” चष्मेवाले घास गिळून म्हणत, “हो, तसंच.” संसार सुखाचा चालला होता.

मग शाळेत नवे मुख्याध्यापक आले आणि त्यांच्या पाठोपाठ टॅबलेट आले. चांगलं कुलूपबंद लोखंडी कपाट भरून आले. मुख्याध्यापक वयाने लहान, उत्साहाने दांडगे. त्यांनी बाईंना खोलीत बोलावलं.

“बाई, तुमचा तो गोष्टीचा तास. त्यात नेमकं…”

“…काय चालतं असंच ना?” बाई म्हणाल्या. “सांगते ना.”

त्यांनी सांगितलं. बरंच सांगितलं. मुख्याध्यापकांनी शेवटी हात वर केला, रस्ता ओलांडताना करतात तसा, आणि आपलं म्हणणं मांडलं. आता मुलांनी टॅबलेटवर डिजिटल गोष्टी करायच्या. चित्रं स्वतः काढायची, त्यांचे फोटो घ्यायचे, ते ओळीने लावायचे आणि वर आपल्या आवाजात गोष्ट सांगायची. महिन्याअखेरीच्या पालकसभेत त्या मोठ्या पडद्यावर दाखवायच्या. जमल्या, तर गोष्टीचा तास राहील. नाही जमल्या, तर तो गणिताला जाईल.

“आणि आवाज फक्त मुलांचा हवा,” ते म्हणाले. “मोठ्या माणसाचा एक शब्द जरी आला तरी ती गोष्ट धरायची नाही.”

बाई बाहेर पडल्या तर गणिताचे सर बाईंच्याच वर्गाच्या भिंतीला टेप लावून बसले होते. पाढ्यांचा तक्ता केवढा मावेल ते बघत होते.

“बाई, मी सहज…” सर म्हणाले.

“सहज नव्हे, टपून बसलायस मेल्या,” बाईंनी वाक्य पुरं केलं आणि ते अगदी बरोबर होतं.

आता लोकांना वाटलं, बाई यंत्रापुढे हात टेकणार. सगळ्यांचा अंदाज चुकला. संगणक शिकवणाऱ्या ताईंनी एकदा दाखवलं आणि बाईंनी दुसऱ्या दिवशी ताईंनाच दोन नव्या खुब्या दाखवल्या. फोटो सरळ करणं, कडा कापणं, चित्रं पुढेमागे करणं, सारं त्यांच्या बोटांना लगेच आलं. लाल टिकली दाबली की बोलणं टिपलं जाई. बोललं की पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारी, गप्प बसलं की सपाट होई. बाईंना ती रेघ फार आवडली. त्यांच्यापुढे ती कधी सपाट होतच नसे.

पहिल्या शुक्रवारी साऱ्या वर्गाने गोष्टी टिपल्या. मुलं हरखली होती. बाईंनी पहिला टॅबलेट हातात घेतला आणि आवाज मोठा केला.

“एक होता उंट,” पोराचा आवाज आला. लगेच दुसरा आवाज खणखणला, “त्याला मान नव्हती!”

बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी दुसरा टॅबलेट घेतला. “एक होतं वांगं…” “…आणि त्याला राजा व्हायचं होतं! मग पुढे काय झालं?” तिसरा घेतला. तिथेही तेच. बाई संतापल्या. आपला आवाज आपल्याला बाहेरून कधी ऐकू येत नाही, त्यातून त्यांना तर स्वतःचं बोलणं ऐकायला सवडच मिळालेली नव्हती.

“कोण आहे ही बाई?” त्या कडाडल्या. “लेकरू बोलतंय आणि ही आपली मध्ये मध्ये नाक खुपसतेय! पलीकडच्या वर्गातून येतोय का आवाज? थांबा, मी बघतेच तिच्याकडे.”

पहिल्या बाकावर एक पोरगी बसे. केस सदा डोळ्यांवर, म्हणून सगळे तिला झिपरी म्हणत. ती उभी राहिली.

“बाई,” ती म्हणाली, “त्या तुम्हीच.”

बाई दाराच्या दिशेने दोन पावलं गेल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. मग परत येऊन खुर्चीवर बसल्या आणि उरलेले सगळे टॅबलेट एकामागून एक ऐकत गेल्या. प्रत्येक पोराचं एक वाक्य, पुढे सगळ्या बाईच. त्यांना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आपण मुलांना गोष्टी सांगायला शिकवतोय असं त्या मानत होत्या. आणि हा तास गेला तर जाईल तो आपल्याच तोंडापायी, हेही त्यांना लख्ख दिसलं.

संगणकाच्या ताईंनी उपाय सुचवला. त्यांनी बाईंचा आवाज तेवढा कापून काढला. उरलेल्या साऱ्या वर्गाच्या गोष्टी मिळून चहाला उकळी फुटायच्या आत संपल्या.

मग सुरू झाली बाईंची गप्प बसण्याची शिकस्त. आधी त्यांनी तोंडात लिमलेटची गोळी धरली. वांगं राजा होणार की नाही या चिंतेत ती कधी कडाकडा फोडली त्यांना कळलंच नाही. गोष्टीत कुणीतरी हाडं मोडत असल्यासारखा आवाज आला. मग त्या व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या, तर खिडकीतून म्हणाल्या, “अरे, जिराफ विसरलास!” मग त्यांनी तोंडाला रुमाल बांधला. तोंड बांधलं तर हात सुटले. त्यांनी हातांनी अशी लांब मान काढून दाखवली, की पोराने निमूट ‘त्याला मान मिळाली’ म्हणून टाकलं. गणिताचे सर येता-जाता डोकावून म्हणत, “जित्याची खोड…” आणि सवयीने थांबत. रुमालाआडून बाई काय म्हणत ते कळलं नाही, तेच बरं.

शेवटी बाईंनी ठरवलं, सराव घरी करायचा.

त्या रात्री पानं वाढली गेली. चष्मेवाले म्हणाले, “आज दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले…” आणि घास उचलून थांबले. बाईंनी ओठ दाबून धरले. घास तसाच हातात. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक दोघांनी बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकली.

“बरं नाही का तुला?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

बाईंनी मान हलवली.

“दाढ दुखतेय?”

“नाही हो. ऐकतेय मी. पुढे काय झालं?”

चष्मेवाले गडबडले. “पुढे? पुढचं तर तू सांगतेस.”

“आज तुम्ही सांगा.”

ते बराच वेळ भातात बोट फिरवत राहिले. मग हळूहळू बोलू लागले. “ते दर महिन्याला येतात. डोळे तपासून घेतात. नंबर काही बदललेला नसतो. आज मी म्हटलं, आजोबा, कशाला उगीच पायपीट करता? तर म्हणाले, ‘तुम्ही विचारता, आता बरं दिसतं की आधी बरं होतं? आणि मी सांगेपर्यंत थांबता. घरी माझ्यासाठी कुणी थांबत नाही.’”

बाईंचा घास खाली आला. या म्हाताऱ्याचा चष्मा त्यांनी केव्हाच डोक्यावर ठेवून दिला असता.

“हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

“मागच्या महिन्यात सुरू केलं होतं,” चष्मेवाले म्हणाले. “त्याच्या मागच्याही.”

बाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि नेमकं काय करावं हे न सुचल्यामुळे त्यांनी चष्मेवाल्यांना आग्रहाने भात वाढला.

पुढच्या शुक्रवारी त्या वर्गात आल्या त्या निश्चय करूनच. रुमाल नाही, गोळी नाही. उंटवाला पुढे आला. लाल टिकली दाबली. “एक होता उंट,” तो म्हणाला आणि बाईंकडे बघू लागला. बाई मूग गिळून बसल्या. हिरवी रेघ सपाट झाली. पोराने पाय बदलला. बाईंनी टेबलाची कड धरली. पोराने पुन्हा पाहिलं, बाई नाहीत. म्हणजे होत्या समोरच, पण नेहमीच्या बाई नव्हत्या. शेवटी त्याने हात जोडून टाकले आणि तो जागेवर गेला.

वांगंही तसंच गेलं. मग ढग, मग चोर, मग दोन मांजरी. सगळ्या गोष्टी पहिल्या वाक्याशी येऊन बसल्या. बाईंची आता चांगलीच तंतरली. तोंड बंद ठेवणं जमलं, तर मुलांकडे पुढचं काही नव्हतंच. कसं असणार? आजवर कुणी मागितलं होतं?

झिपरीची पाळी आली. तिने कागदभर काळं घड्याळ काढलं होतं आणि मागून एक शेपूट.

“एक होती पाल,” ती म्हणाली. “ती वर्गातल्या घड्याळामागे राहायची.”

आणि थांबली. बाईंच्या जिभेवर सगळी गोष्ट तयार होती. पालीला वेळेचं महत्त्व कळतं, ती रोज वेळेवर उठते, शेवटी मुख्याध्यापक तिचा सत्कार करतात. फक्कड गोष्ट होती. बाईंचे ओठ उघडले. झिपरीने केस मागे सारले, बाईंकडे रोखून पाहिलं आणि अगदी बाईंच्याच आवाजात म्हणाली, “बाई! हाताची घडी, तोंडावर बोट!”

बाईंनी हाताची घडी घातली. मग एक हात सोडवून ओठांवर बोट ठेवलं. झिपरी परत घड्याळाकडे वळली आणि विचार करत उभी राहिली. रेघ सपाट चालली होती. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेली. बाईंच्या कपाळावर घाम आला. आणि मग रेघेने उडी मारली.

पुढचं पालकसभेत सगळ्यांनी पाहिलं.

दालन माणसांनी भरलं होतं. निम्मे पालक बाईंचेच जुने विद्यार्थी. चष्मेवालेही दुकान बंद करून मागच्या रांगेत येऊन बसले होते. झिपरीला पाहून बाकीच्यांनाही धीर आला होता आणि आठवडाभरात सगळ्यांनी गोष्टी नव्याने टिपल्या होत्या. उंटाला मान नव्हतीच मुळी असं नाही, चांगली मान होती. त्याला झोपायला उशी मिळत नव्हती. वांग्याला राजा वगैरे काही व्हायचं नव्हतं, त्याला फक्त भाजीवाल्याच्या पाटीतून पळायचं होतं, आणि ते पळालं. बाई पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या आणि प्रत्येक गोष्ट त्यांना नवीन होती.

शेवटी झिपरीची पाल आली. “एक होती पाल. ती वर्गातल्या घड्याळामागे राहायची.” पडद्यावर घड्याळ, आणि शांतता. ताईंनी ती कापायला घेतली होती, पण झिपरीने कापू दिली नव्हती. शांतता लांबली. पालकांची चुळबुळ सुरू झाली. जुने विद्यार्थी सवयीने बाईंकडे बघू लागले. बाई ढिम्म. अखेर मागून गणिताचे सर उठून उभे राहिले आणि रडवेल्या आवाजात ओरडले, “बाई, सांगा की हो पुढे!”

“शूऽऽ!” चौथीचा अख्खा वर्ग त्यांच्यावर धावून गेला. सर मुकाट खाली बसले.

पडद्यावरची झिपरी सांगू लागली. “तिला सगळे धडे पाठ होते. पण बाई बोलत असल्या की तिचा आवाज कुणालाच ऐकू यायचा नाही. मग एके दिवशी ती धपकन बाईंच्या टेबलावर पडली. बाई इतक्या घाबरल्या, की गप्प झाल्या. तेव्हा पाल म्हणाली, चुकचुक. सगळ्यांनी ते ऐकलं. बाई म्हणाल्या, अगं, छान बोलतेस की! आणि तिला पहिल्या बाकावर जागा दिली.”

दालन हसून कोसळलं. सगळ्यांत मोठ्याने बाई हसल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या.

मुख्याध्यापक उठले. त्यांना भाषणात नाट्य आणायची आवड होती. “तर मंडळी,” ते म्हणाले, “सगळा विचार करून मी ठरवलं आहे, की गोष्टीचा तास…” आणि ते थांबले.

बाईंनी हाताची घडी आणखी घट्ट केली. वाक्य समोर उघडं पडलं होतं. ते दोन्ही बाजूंनी पुरं करता येत होतं आणि त्यांनी ते केलं नाही. जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणाला करता येणं शक्यच नव्हतं. मुख्याध्यापकांनीही इतका वेळ थांबायचं ठरवलं नव्हतं. बाई मध्ये बोलतील या भरवशावर ते थांबले होते आणि आता त्यांनाच पुढचा शब्द आठवेना. तेवढ्यात खाली सतरंजीवर बसलेली चौथीची मुलं एका सुरात ओरडली, “चालूच राहील!”

“हो,” मुख्याध्यापक घाम पुसत म्हणाले, “तसंच.”

संध्याकाळी दोघं चालत घरी निघाले. बाई काही बोलत नव्हत्या. दुकानांचे दिवे लागत होते. चष्मेवाल्यांनी दोनदा त्यांच्याकडे चोरून पाहिलं.

“एक विचारू?” ते म्हणाले.

बाई थांबून राहिल्या.

“तुझ्या उंटाचं काय झालं गं? तो मान नसलेला. मागे एकदा जेवताना अर्धाच राहिला, आणि मग तू हे गप्प बसणं काढलंस.” ते जरा लाजले. “पुढे काय झालं, ते माझ्या मनात तसंच राहून गेलंय.”

बाईंनी तोंड उघडलं. “तो ना, तो उंट…” त्या म्हणाल्या, आणि अडकल्या. हा प्रश्न त्यांनी जन्मभर लोकांना विचारला होता आणि उत्तरही आपणच देऊन टाकलं होतं. त्यांना तो कुणी विचारला, असं कधी झालंच नव्हतं.

“तो उंट…” त्या पुन्हा म्हणाल्या.

चष्मेवाले रस्त्याच्या कडेला उभे राहिले. दुकानात काच बदलून झाल्यावर राहतात तसे, हात मागे बांधून, काही घाई नसल्यासारखे.